पडून राहिलेली मोटार

यंत्र चालून झिजतें हें सर्वांस ठाऊक असतें. तें न चालतां उभें राहूनहि झिजतें, आणि कित्येकदां अधिक झिजतें, ही गोष्ट मात्र मालकाच्या ध्यानांत फार उशिरां येते. बैलगाडीच्या बाबतींत हें ज्ञान खानदेशांतील शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. वैशाखाच्या उन्हांत गाडी कांहीं दिवस नुसती उभी राहिली कीं चाकाचें लांकूड आकसतें, आरे खुळखुळूं लागतात आणि लोखंडी धाव सैल होऊन निसटावयास पाहते. मग चाकें पाण्यांत भिजत घालावयाचीं, लांकूड फुगूं द्यावयाचें आणि पुन्हां गाडी जुंपावयाची. मोटार ही बैलगाडीपेक्षां शतपटीनें गुंतागुंतीची. ती पांच वर्षें, किंवा पन्नास वर्षें, एका जागीं उभी राहिली तर तिच्या पोटांत काय घडत असेल, आणि तिला पुन्हां चालती करणारा मनुष्य नेमकें काय करतो, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तो केवळ कारागिरीचा इतिहास नव्हे. मोटारी उभ्या कां राहिल्या याचा माग काढूं लागलें तर तो थेट ब्रह्मदेशांतील तेलविहिरींपर्यंत जाऊन पोहोंचतो.

धरणगांव हें जळगांव जिल्ह्यांतील जुनें व्यापारी गांव. बालकवींचा जन्म १८९० सालीं येथें झाला म्हणून मराठी वाचकांस तें परिचयाचें. इतिहासाच्या अभ्यासकांस तें सतराव्या शतकांतील इंग्रजांच्या वखारीमुळें आणि १८२५ सालीं आउट्रम या अधिकाऱ्यानें तेथें उभारलेल्या भिल्ल पलटणीमुळें ठाऊक असतें. प्रस्तुत विषयाला उपयोगी पडते ती त्याची तिसरी ओळख. हा काळ्या जमिनीचा, कापसाचा मुलूख. आगगाडी येण्यापूर्वीं येथील सारा माल बैलगाडीनें जात असे, आणि त्यामुळें चाक बांधणारा सुतार व धाव चढविणारा लोहार यांचें कसब या बाजूस पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारनें धरणगांवीं सरकी काढण्याचा कारखाना घातला. १९०० च्या सुमारास सुरतेहून येणारा ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग जळगांवापर्यंत पुरा झाला आणि धरणगांव त्यावरील एक स्टेशन बनलें. शेजारीं अमळनेरास प्रताप गिरणी निघाली. जिन-प्रेस आले, त्यांच्याबरोबर इंजिनें आलीं, आणि इंजिनांबरोबर तीं उघडून पुन्हां जोडणारा मिस्त्री आला. पुढें मोटार आली ती अशा तयार हातांत. अशा गांवांत मोटारीचें दुखणें पाहावयास मुंबईचा साहेब थोडाच येणार! जो जिनचें इंजिन बघे त्यानेंच मोटारीचेंहि बघावयाचें, असा स्वाभाविक क्रम होता.

आरंभींच्या मोटारीहि त्या हातांना फारशा परक्या नव्हत्या. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें १९०८ ते १९२७ या काळांत आपल्या ‘टी’ नमुन्याच्या दीड कोटि मोटारी बांधल्या आणि ब्रिटिश साम्राज्यांतील देशांना त्या बहुशः कॅनडांतून पुरविल्या. त्या मोटारीच्या चाकांचे आरे पुष्कळ वर्षें लांकडाचे असत. ते खानदेशच्या उन्हाळ्यांत बैलगाडीच्या आऱ्यांप्रमाणेंच सुकत आणि त्याच सुताराला ते कळत. ठिणगीसाठीं त्या गाडींत मॅग्नेटो असे, म्हणजे हँडल फिरवितांच वीज गाडीच्याच पोटांत उत्पन्न होई. बॅटरीवांचून तिचें अडत नसे. विजेनें इंजिन फिरविण्याची युक्ति प्रथम १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीवर आली आणि हळू हळू सर्वत्र पसरली. सोय झाली खरी, परंतु त्या सोयीबरोबर गाडी बॅटरीची मिंधी झाली. म्हणून आजहि एक गंमत पाहावयास मिळते. शंभर वर्षांपूर्वींची मोटार कधीं कधीं चार दिवसांच्या खटपटीनें सुरू होते, आणि तिच्याहून तीस वर्षांनीं लहान असलेली मोटार महिनाभर दाद देत नाहीं.

१९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस शिवडी येथें सुटे भाग आणून शेव्हरोलेट मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. पुढील दहा वर्षांत कापसाचे व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्या दारांत आणि आड रस्त्यांवरील खाजगी बससेवेंत मोटार रुळली. ती इतकी रुळली कीं पेट्रोल ही वस्तु समुद्रापलीकडून येते याचा लोकांना विसर पडला.

तो विसर दुसऱ्या महायुद्धानें मोडला. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस जपान युद्धांत उतरला आणि पुढील तीन-चार महिन्यांत जें घडलें त्यानें धरणगांवासारख्या ठिकाणचीहि मोटार जागच्या जागीं खिळली. हिंदुस्थानला तेल पुरविणाऱ्या प्रदेशांत ब्रह्मदेश प्रमुख होता. ७ मार्च १९४२ रोजीं रंगून सोडतांना ब्रिटिशांनीं जवळच्या सिरियम येथील तेलशुद्धीचा कारखाना आपल्याच हातांनीं नष्ट केला. एप्रिलांत येनांजाउंगच्या तेलविहिरींचीहि तीच गत केली. देशांत तेल निघे तें मुख्यतः आसामांत दिग्बोईस, आणि तें सैन्यालाच पुरेना. मलाया व जावा शत्रूच्या हातीं गेल्यानें जगांतील नैसर्गिक रबराचा फार मोठा वांटाहि गेला. पेट्रोल मिळालें तर टायर नाहीं आणि टायर असला तर पेट्रोल नाहीं, अशी स्थिति झाली. कित्येक मोटारी सरकारनें युद्धकार्यासाठीं घेतल्या. उरलेल्यांपैकीं पुष्कळ मोटारी लांकडी ठोकळ्यांवर चढल्या.

कांहीं वाहनें कोळशावर चालूं लागलीं. बसच्या पाठीमागें किंवा बाजूस एक उभी लोखंडी टाकी बसवीत. तींत लोणारी कोळसा पेटवून हवा बेतानें सोडली म्हणजे कोळसा पुरा न जळतां त्यापासून ज्वालाग्राही वायु निघतो. तो गाळून, थंड करून इंजिनांत घ्यावयाचा. निघण्यापूर्वीं बराच वेळ पंखा फिरवीत बसावें लागे. इंजिनाची शक्ति तिसऱ्या हिश्शानें किंवा त्याहूनहि अधिक घटे, त्यामुळें चढावर उतारूंना खालीं उतरावें लागे. वायु विषारी, तेव्हां बंदिस्त जागेंत टाकी पेटविणें जिवावर बेतणारें. शिवाय गाळणी नीट नसली तर राख आणि डांबर इंजिनांत शिरून पिस्टन व सिलिंडर खरवडून निघत. या साधनाला नांवें ठेवणें सोपें आहे, पण त्या काळांत बाजारची वाट त्यानेंच चालूं ठेविली, हें विसरतां कामा नये. युद्धानंतर ज्या गाड्या दुरुस्तीस आल्या त्यांत अशा रीतीनें दोन प्रकार होते: एक कोळशानें झिजलेल्या, दुसऱ्या नुसत्या उभ्या राहून गंजलेल्या. दोन्हींचीं दुखणीं निराळीं आणि औषधेंहि निराळीं.

उभ्या राहिलेल्या गाड्यांचें भवितव्य मालकानें त्यांना कसें ठेविलें होतें यावर अवलंबून असे. शहाणा मालक चाकें जमिनीपासून उचलून धरी, रेडिएटरांतील पाणी आणि टाकींतील पेट्रोल काढून टाकी, बॅटरी उतरवी, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडी आणि मधून मधून हँडलनें इंजिन फिरवून ठेवी. घाईचा मालक वर ताडपत्री टाकून मोकळा होई. ताडपत्रीखालीं पावसाळ्याची ओल कोंडे आणि उन्हाळ्याची आंच सांठे. खानदेशांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेवढ्या तापानें टाकींतील पेट्रोलचा उडून जाणारा अंश उडून जाई व उरलेला गोंदासारखा चिकट होऊन नळ्यांत बसे. गादींतील कापूस आणि काथ्या हें उंदरांना आयतें घर. तेथून ते तारांवरील सुती वेष्टण कुरतडीत पुढें जात.

आतां अशी गाडी चालती करावयाची म्हणजे पहिलें पथ्य असें कीं ती चालूं करावयाची नाहीं! उत्सुक मालक नवी बॅटरी आणतो, टाकींत पेट्रोल ओततो आणि कळ दाबतो. बहुतेक इंजिनें मरतात तीं या क्षणीं. वर्षानुवर्षांच्या गंजानें तीं मरत नाहींत. इंजिन थांबतें तेव्हां कोणत्या तरी सिलिंडराचा व्हाल्व्ह उघडा राहिलेला असतो. त्या वाटेनें ओलसर हवा आंत जाते आणि पिस्टनवरील कड्या सिलिंडरच्या भिंतीला गंजानें चिकटतात. व्हाल्व्हहि आपल्या खोबणींत धरून बसतात. अशा स्थितींत जोर लावला तर कडी तुटते, दांडा वांकतो, आणि जें काम थोड्याशा रॉकेलनें झालें असतें त्याला पुढें नवें सिलिंडर शोधण्याची पाळी येते.

जाणता मिस्त्री प्लग काढून आंत रॉकेल व तेल यांचें मिश्रण सोडतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशीं थोडें आणखी. आठवडा, दोन आठवडे असें चालतें. या काळांत तो खालचें तेलाचें भांडें उतरवून तळाशीं बसलेला चिखल काढतो. रेडिएटरांतील क्षार व माती धुतो. पेट्रोलच्या टाकींत बारीक खडे किंवा सांखळीचा तुकडा टाकून ती घुसळतो, म्हणजे गंजाचे पापुद्रे सुटून येतात. कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रें तो टोंचणीनें उकरीत नाहीं. पितळेचें छिद्र केसभर मोठें झालें तरी गाडी जन्मभर अधिक पेट्रोल पिणार हें त्याला ठाऊक असतें. फार जुन्या गाड्यांत क्लचला चामडें असे. तें वाळून लांकडासारखें झालेलें असलें तर त्याला एरंडेल चोळून मऊ करतात, अगदीं मोटेच्या जुन्या चामड्याला करावें तसें.

मग एके दिवशीं गाडी वरच्या गिअरमध्यें टाकून, चाक हातानें पुढें-मागें किंचित् हालविलें जातें. पिस्टन सुईभर सरकला तरी काम झालें असें समजावयाचें. तेवढीच वाट पुन्हां तेल घालून वाढवीत न्यावयाची. इंजिन मोकळेपणीं पुरा फेरा घेऊं लागल्यावर ठिणगीचा विचार. वीज जोडणाऱ्या टोंकांवर, ज्यांना मिस्त्री लोक ‘प्लॅटिन’ म्हणतात, काळसर थर चढलेला असतो. तो पुसून काढतांच कित्येकदां मेलेली वाटणारी वीज परत येते. जुन्या टाकीवर विश्वास न ठेवतां एका लहान डब्यांत ताजें पेट्रोल घेऊन तो डबा वर टांगतात आणि नळीनें कार्ब्युरेटरला जोडतात. हँडल फिरतें. एक सिलिंडर बोलतें, मग दुसरें. पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठतो, आणि त्या लोटांत उंदरांचें घरटेंहि बाहेर पडलेलें पाहणाऱ्यांनीं पाहिलें आहे. या वेळीं जमलेले लोक आनंदानें ओरडतात. मिस्त्रीचे डोळे मात्र तेलाच्या दाबाच्या कांट्यावर असतात. तो वर चढला नाहीं तर अर्ध्या मिनिटांत इंजिन बंद केलें पाहिजे, कारण कोरड्या बेअरिंगचा मऊ धातु वितळावयास फार वेळ लागत नाहीं.

त्या बेअरिंगविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. जुन्या फोर्ड व शेव्हरोलेट गाड्यांत तयार बेअरिंग बदलण्याची सोय नव्हती. कथलासारखा पांढरा धातु वितळवून जागेवर ओतावयाचा, थंड झाल्यावर तासावयाचा आणि दांड्यावर शेंदूर किंवा निळा रंग लावून कोठें घासतें तें पाहत पाहत हातानें खरवडून बसवावयाचा. हें काम पुस्तकावरून येत नाहीं. तेलाच्या इंजिनांवर ज्यांनीं हात बसविला होता त्यांनाच तें येई. मोटारींचीं कागदपत्रें जपून ठेवणारे संग्राहक पुष्कळ आहेत, पण हा धातु नीट ओतणारे हात दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. जुनी गाडी वांचेल कीं नाहीं याचा निकाल शेवटीं या हातांवर आहे, पैशावर नाहीं.

इंजिन सुरू झालें म्हणजे गाडी चालूं लागली असें नव्हे. निघण्यापूर्वीं थांबण्याची सोय पाहावयाची असते. शेव्हरोलेट गाड्यांना १९३६ पासून आणि फोर्ड गाड्यांना १९३९ पासून तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. हें ब्रेकचें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. गाडी उभी राहिली कीं तें पाणी चाकांजवळील लहान सिलिंडरांना आंतून खातें. तारा व कांबी यांवर चालणारे जुने ब्रेक गंजले तरी दिसतात आणि ग्रीजनें सुटतात. हे नवे ब्रेक बाहेरून चकचकीत दिसून ऐन उतारावर दगा देतात. टायरांचेंहि तसेंच. रबरावरील नक्षी शाबूत असते, पण बाजूच्या भिंतींना भेगा पडलेल्या असतात.

युद्ध संपलें तरी पेट्रोलचें नियंत्रण लगेच उठलें नाहीं. हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हता. लंडन ते ब्रायटन अशी फार जुन्या मोटारींची जी दौड इंग्लंडांत १९२७ पासून होत आली, ती १९४७ सालीं पेट्रोलच्या टंचाईमुळें भरूं शकली नाहीं. इकडे मात्र नव्या गाड्यांची आयात तुटपुंजी राहिल्यानें जुन्याच गाड्या उठविण्यावांचून गत्यंतर नव्हतें. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून १९४७ मध्यें गाड्या बाहेर पडूं लागल्या, परंतु देशाच्या गरजेच्या मानानें त्या थोड्या. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. ची पहिली बस धांवली. त्या सेवेच्या आरंभींच्या ताफ्यांत शेव्हरोलेट, फोर्ड, बेडफोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस असे नाना वंशांचे सांगाडे होते, आणि त्या सर्वांना चालतें ठेवण्याची विद्या एकाच कार्यशाळेंत नांदावी लागे. एस. टी. पसरत गेली तशा खाजगी बस मार्गांवरून उठल्या आणि पुन्हां कांहीं गाड्या शेतांच्या कडेला उभ्या राहिल्या. १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनीं येथील जोडणीचें काम बंद केलें. त्यांच्या गाड्यांना सुटे भाग मिळेनात. जो भाग मिळत नाहीं तो घडवावयाचा, हा मिस्त्रीचा नियम त्या दिवसापासून अधिकच पक्का झाला.

संस्थानें विलीन झालीं आणि १९७१ सालीं तनखेहि बंद झाले, त्या वेळीं राजेरजवाड्यांच्या तबेल्यांतील मोटारींवर पडून राहण्याची पाळी आली. कांहीं घराण्यांनीं त्यांना चालतें ठेविलें. कोल्हापूरच्या छत्रपति राजाराम महाराजांनीं आणविलेली जर्मन मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यास दिमाखानें बाहेर निघत आली आहे; वर्षांतून एकदां कां होईना, ती चालते म्हणूनच शाबूत राहिली. मुंबईचे प्राणलाल भोगीलाल यांनीं देशभरच्या जुन्या मोटारी गोळा करून त्यांचें संग्रहालय अहमदाबादेजवळ उभारलें.

सामान्य गाडीची गोष्ट वेगळी झाली. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव काहीं महिन्यांत चौपट झाले आणि भरभक्कम अमेरिकन मोटार पोसणें अशक्य होऊन बसलें. तेव्हां पुष्कळांनीं तिचें मूळचें पेट्रोल इंजिन काढून तेथें डिझेल इंजिन बसविलें. पोट भरण्यासाठीं टॅक्सी चालविणाऱ्यानें तसें केलें यांत त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. त्याच्यामुळें निदान गाडीचा सांगाडा तरी उरला. परंतु हौसेखातर जुनी गाडी उठविणारा जेव्हां कष्ट चुकविण्यासाठीं तिच्यांत अलीकडचें इंजिन ठेवतो, आणि गाडी सुरू झाली म्हणून पेढे वांटतो, तेव्हां तो चालवितो तें निराळेंच वाहन असतें. १९३८ च्या शेव्हरोलेटचा आवाज, तिचें गिअर बदलतांना होणारें अवघड वळण, चढावरील तिची संथ, जड चाल, हें सारें त्या काढून फेंकलेल्या लोखंडांत होतें. मिस्त्रीनें दोन आठवडे रॉकेल घालून वाट पाहावयाची ती त्यासाठींच.

कायद्यानेंहि पुढें हाच भेद मान्य केला. जुलै १९२१ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनीं, जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेलें आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें वाहन त्यांत बसतें. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि दहा वर्षांनीं फेरनोंदणीस ५,००० रुपये शुल्क ठरलें. अशी गाडी रोजच्या वापरासाठीं किंवा धंद्यासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, दौड, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती यांपुरतीच तिला मोकळीक आहे. तिच्या पाटीवर राज्याची अक्षरें, मग ‘व्हीए’, मग मालिकेचीं दोन अक्षरें आणि चार आंकडे असतात. जळगांव जिल्ह्याच्या इतर गाड्यांवर दिसणारा १९ हा आंकडा तींत येत नाहीं. धरणगांवच्या एखाद्या वाड्यांतून अशी गाडी निघाली तर ती कोठली हें पाटीवरून कळावयाचें नाहीं. तें विचारावें लागेल ती उठविणाऱ्या मिस्त्रीला.